तारखेला तारीख लावून बघा: यंदाची आजवरची जमा आणि मागची दोन सालं



जानेवारी संपत आला की आपल्याकडं घरोघरी एकच विषय. यंदा साल कसं चाललंय? आणि उत्तर बहुतेक वेळा खिसा चाचपून दिलं जातं. खिशात असलं तर साल बरं, नसलं तर वाईट. आमच्या घरात यंदा हा विषय जरा जास्तच तापला, कारण उत्तरावर तीन गोष्टी अडल्या होत्या. घरात पडलेलं ४० क्विंटल सोयाबीन आत्ताच काढायचं का, चारातल्या दोन गाई विकायच्या का, आणि ३१ मार्चच्या आत सोसायटीचे १,४०,००० कुठून भरायचे.

दादाचं म्हणणं सरळ होतं. "मागच्या साली साडेपाच लाख आले होते. यंदा पावणेदोन. साल गेलं. जे आहे ते विकून मोकळं होऊ."

दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांची जोडी जमत नाही. साडेपाच लाख हे १२ महिन्यांचे आहेत, पावणेदोन चार महिन्यांचेही पुरते नाहीत. तूर अजून खळ्यावर आहे, हरभरा रानात उभा आहे, दुधाचे आठ महिने बाकी आहेत. तुलना करायची तर मागच्या साली याच तारखेपर्यंत किती आले होते ते काढायला हवं. नोकरदार मंडळी याला इयर-टू-डेट म्हणतात. आमच्या घरी मी 'आजवरची जमा' म्हणतो.

ऑक्टोबर २०२२ पासून मी वहीसोबत मोबाईलवर गुगल शीटमध्ये नोंदी ठेवतो. वही अण्णांची आहे, ती त्यांच्या हातची राहणारच. पण वहीत 'मागच्या साली २५ जानेवारीपर्यंत' असं शोधायला बसलं की पानं उलटता उलटता दिवस जातो. शीटमध्ये ते एका सूत्राचं काम आहे. बऱ्याच जणांनी मागं विचारलं होतं म्हणून आज सगळं लिहितो. आज २६ जानेवारी, झेंडावंदन करून आलोय, रविवार आहे, वेळ आहे.

'नोंदी' नावाचं एक पान आहे. ए मध्ये तारीख, बी मध्ये कशाचे (सोयाबीन, तूर, दूध, पशुखाद्य, मजुरी वगैरे), सी मध्ये कुठल्या हंगामाचं, डी मध्ये क्विंटल किंवा लिटर, ई मध्ये जमा, एफ मध्ये खर्च. एका व्यवहाराला एक ओळ. सालाप्रमाणे वेगवेगळी पानं करू नका, तिथंच सगळं अवघड होतं. सगळी सालं एकाखाली एक येऊ द्या. वाटण्या सूत्र करतं.

दुसरं पान 'तुलना'. त्यात दुसऱ्या ओळीत बी२ मध्ये सालाची पहिली तारीख, म्हणजे १ ऑक्टोबर २०२४, आणि सी२ मध्ये कुठपर्यंत मोजायचं ती तारीख, २५ जानेवारी २०२५. तिसऱ्या ओळीत मागचं साल. तिथं तारीख हातानं टाकायची नाही, बी३ मध्ये असं लिहायचं:

=ईडेट(बी२, -१२)

म्हणजे बरोबर १२ महिने मागची तारीख. सी३ मध्ये तसंच सी२ वरून. चौथ्या ओळीत त्याच्याही मागचं साल. मग प्रत्येक ओळीत डी मध्ये:

=समइफ्स('नोंदी'!ई:ई, 'नोंदी'!ए:ए, ">="&बी२, 'नोंदी'!ए:ए, "<="&सी२)

(पोस्ट मराठीत आहे म्हणून सूत्रं मराठी अक्षरांत लिहिलीत. शीटमध्ये टाईप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे, नाहीतर शीट ओळखत नाही.)

याचा अर्थ असा: जमेच्या रकान्याची बेरीज कर, पण फक्त त्याच ओळींची ज्यांची तारीख सालाच्या पहिल्या दिवसापासून ठरल्या तारखेपर्यंत आहे. सूत्र खाली ओढलं की तिन्ही सालं समोर. नुसत्या सोयाबीनचे हवे असतील तर कंसात शेवटी आणखी एक अट जोडायची: 'नोंदी'!बी:बी, "सोयाबीन". बस.

सी२ मध्ये =टुडे() टाकायचा मोह होतो. टाकू नका. टुडे रोज पुढं सरकतं, आपल्या नोंदी सरकत नाहीत. आठ दिवस नोंदी राहिल्या असतील तर मागच्या सालाचे ते आठ दिवस मोजले जातात आणि यंदाचे नाही. विनाकारण यंदा कमी दिसतं. मी नोंदी जिथपर्यंत पुऱ्या आहेत तीच तारीख हातानं टाकतो.

आता शीट गंडवते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे तारखा. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. शीटची सेटिंग अमेरिकेची असली तर ५/११ ला ती ११ मे समजते आणि २५/११ ला तारीखच समजत नाही, नुसतं अक्षर समजते. अक्षराला समइफ्स मोजत नाही, आणि काही बोलतही नाही. गावातल्या एका दोस्ताच्या शीटमध्ये नोव्हेंबरची निम्मी विक्री अशीच गायब होती. ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख आपोआप घराच्या उजव्या कडेला चिकटते, अक्षर डावीकडं. सेटिंगमध्ये जाऊन लोकेल भारत करा, मग तारखा भरा.

दुसरं म्हणजे नावं. 'सोयाबीन' आणि 'सोयाबिन' आपल्याला एकच, शीटला दोन पिकं. डेटा व्हॅलिडेशनमधून नावांची यादी लावून टाका, म्हणजे टाईप करायचं नाही, नुसतं निवडायचं. घरातल्या दुसऱ्या कुणाला नोंद करायला लावायची असेल तर हे आधी करा.

साल कधीपासून धरायचं, यावर मी बराच विचार केलाय. बँक आणि सोसायटी १ एप्रिल धरतात. महसूल खातं १ ऑगस्ट ते ३१ जुलै. साखर कारखान्याचं साल ऑक्टोबरला सुरू होतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळं आपल्याला अमुकच साल धरा असं घरात कुणी सांगत नाही. मग आपलं आपण ठरवायचं. १ एप्रिल धरलं तर मार्चमध्ये विकलेला हरभरा एका सालात आणि एप्रिलमध्ये विकलेला दुसऱ्या सालात जातो. पीक एकच, रान एकच, नुसता टेम्पो मिळायला आठ दिवस उशीर झाला म्हणून साल बदललं. १ जून धरलं तर पहिले चार महिने नुसता खर्च. माझ्या भागात, म्हणजे लातूरकडं, सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी निघायला लागतं. माल घरात येतो तिथून साल, म्हणून मी १ ऑक्टोबर धरतो. कांद्यावाल्यानं, ऊसवाल्यानं, द्राक्षवाल्यानं आपापलं बघून ठरवावं. फक्त एकदा ठरवलं की तिन्ही सालांना तेच.

एवढं करूनही जुना माल नवीन सालात विकला जातोच. त्यासाठी सी रकाना, हंगामाचा. पैसे कधी आले ते तारीख सांगते, माल कुठल्या सालचा ते हंगाम सांगतो. दोन्ही लागतात.

आता आमचे आकडे. १ ऑक्टोबर ते २५ जानेवारी, तिन्ही वेळा ११७ दिवस.

२०२२-२३: सोयाबीन १,६२,००० आणि दूध १,१०,०००. एकूण २,७२,०००.
२०२३-२४: सोयाबीन १,८०,५००, दूध ८५,०००, विम्याचे १४,०००. एकूण २,७९,५००.
२०२४-२५: सोयाबीन ७४,७०० आणि दूध १,०१,६००. एकूण १,७६,३००.

तारखेला तारीख लावली तरी मागच्या सालापेक्षा १,०३,२०० कमी. टक्क्यात ३७. दादा म्हणाला, "बघ, तुझी शीटपण तेच म्हणतीय."

जमेचा रकाना तेच म्हणतो, हे खरं आहे. पण शेजारचा क्विंटलचा रकाना दुसरं सांगतो. समइफ्स मध्ये ई:ई च्या जागी डी:डी टाकलं आणि "सोयाबीन" ची अट लावली की रुपयांऐवजी क्विंटल मिळतात. पहिल्या साली याच तारखेपर्यंत ३० क्विंटल विकलं होतं. दुसऱ्या साली ३८. यंदा १८. आणि झालं किती होतं? पहिल्या साली ५२, दुसऱ्या साली ३८, यंदा ५८.

२०२३ सगळ्यांच्या लक्षात असेल. त्या सालचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. शेंगा भरायच्या वेळेला पाणी नाही. सात एकरांत ३८ क्विंटल झालं आणि हातात पैसे नव्हते म्हणून दिवाळीच्या मागंपुढं सगळं विकून टाकलं. म्हणून त्या सालाची आजवरची जमा तिन्हीत मोठी दिसते. घरात दाणा शिल्लक नव्हता, आणि आकडा म्हणतो साल चांगलं. यंदा ५८ झालं, त्यातलं ४० घरात आहे, आणि आकडा म्हणतो साल गेलं.

पगारदाराला महिन्याला पगार येतो, त्याची आजवरची जमा म्हणजे आजवरची कमाई. आपली जमा म्हणजे आजवरची विक्री. या दोन्हींत घरातल्या कट्ट्यांएवढा फरक असतो. म्हणून मी तुलनेच्या पानावर आणखी एक रकाना घातलाय, 'शिल्लक माल'. झालेले क्विंटल वजा विकलेले क्विंटल, गुणिले त्या तारखेचा बाजारभाव. प्रत्येक सालाला त्याच सालचा त्या दिवसाचा भाव, तो मी दर आठवड्याला टिपून ठेवतो.

पहिल्या साली २२ क्विंटल शिल्लक होतं, भाव ५,३००, म्हणजे १,१६,६००. दुसऱ्या साली शून्य. यंदा ४० क्विंटल, ४,१५० नं १,६६,०००. हे मिळवलं की तीन आकडे असे होतात: ३,८८,६००, २,७९,५०० आणि ३,४२,३००. यंदाचं साल मागच्यापेक्षा ६२,८०० नं पुढं आहे. मागच्या सालातले विम्याचे १४,००० काढून टाकले तर आणखी पुढं, कारण ते पीक गेल्याचे पैसे होते.

इथं एक जण नक्की विचारणार की शिल्लक माल हमीभावानं का नाही धरला. यंदा, म्हणजे २०२४-२५ ला, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. ४० क्विंटलला बाजारापेक्षा २९,६८० जास्त दिसले असते. पण आम्ही नोंदणी केलीय आणि अजून मेसेज आलेला नाही, खरेदीची मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढवलीय, म्हणजे हातात पाच दिवस. मेसेज येऊन, ओलावा बघून, काट्यावर माप झालं की मी हमीभाव लिहीन. तोपर्यंत बाजारातला भाव. कागदावर श्रीमंत होऊन ३१ मार्च भागत नाही.

भावाचा विषय निघालाच आहे तर. जमेला क्विंटलनं भागलं की सरासरी भाव मिळतो. आमचा पहिल्या साली ५,४००, दुसऱ्या साली ४,७५०, यंदा ४,१५०. त्याच तीन सालांत हमीभाव ४,३००, ४,६०० आणि ४,८९२ असा चढत गेला. म्हणजे हमीभाव ५९२ नं वर आणि आमचा भाव १,२५० नं खाली. पहिल्या साली हमीभावाकडं कुणी बघत नव्हतं कारण बाजार हजारानं वर होता. यंदा ७४२ नं खाली आहे. विकलेलं आणि शिल्लक दोन्ही धरून पहिल्या साली सोयाबीनचे २,७८,६०० होतात, यंदा २,४०,७००. सहा क्विंटल जास्त पिकवून ३७,९०० कमी. यात रानाचं, बियाण्याचं, फवारणीचं काही चुकलेलं नाही. कृषी खात्यातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांना सांगायचंय, एकरी उत्पादन वाढवायचे मेळावे घ्या, जरूर घ्या, पण आमच्या शीटमध्ये खड्डा दुसऱ्या रकान्यात आहे.

आता गाई. दादाचा गाईंवरचा राग मागच्या सालचा आहे. मागच्या साली दूध २८ नं जात होतं आणि पेंडीचे भाव चढले होते. मी खर्चाच्या रकान्याला तेच सूत्र लावलं, अट "पशुखाद्य". यात पेंड, खाद्य आणि विकतचा कडबा येतो, घरचा हिरवा चारा येत नाही. ११७ दिवसांत पहिल्या साली ७१,०००, मग ६९,०००, यंदा ७०,४००. दुधातून वजा केले की राहतात ३९,०००, १६,००० आणि ३१,२००. यंदाही भाव २८ च आहे, पण तीन गाई मिळून दिवसाला ३१ लिटर देतात, मागच्या साली २६ होतं. अनुदान अजून खात्यावर यायचंय, ते आल्यावर त्याच्या तारखेला लिहीन. म्हणजे गाई यंदा तोट्यात नाहीत.

पण इथं दादानं एक मुद्दा काढला आणि तो मला खोडता आला नाही. ३१,२०० ला ११७ नं भागलं तर दिवसाचे २६७ होतात. पहाटे ५ ला उठून शेण काढणं, धारा, वैरण, परत संध्याकाळी तेच, हे दोघी जावा करतात. दोघींत मिळून दिवसाला २६७. खुरपायला गेल्या तर याहून जास्त येतील. "शीटमध्ये त्यांची मजुरी कुठंय?" असं तो म्हणाला. कुठंच नाही. कारण ती कधी दिली नाही, आणि जे दिलं नाही ते खर्चाच्या रकान्यात येत नाही.

मग वहिनींनाच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतं. त्यावर किराणा, दवाखाना, पोरांची वह्या-पुस्तकं. सोयाबीनचे पैसे आले की ते सोसायटीचे, बियाण्याचे, तुमचे. गाई विकल्या तर किराण्याला तुमच्याकडं हात पसरायचा का?" माझ्या घरच्यांचंही तेच मत. यावर दादा काही बोलला नाही, मीही नाही. एवढंच ठरलं की भाकड गाय मार्चमध्ये विते, तोपर्यंत एकही गाय दाव्यावरून सुटणार नाही. आणि शीटमध्ये मी 'घरची मजुरी' म्हणून एक रकाना वाढवलाय, पैसे दिले नसले तरी तास लिहायचे. दुधाची शिल्लकही मी कर्जाच्या हिशोबातून काढून टाकली. ते पैसे घराचे आहेत, ते सोसायटीला दाखवायचे नाहीत.

जाता जाता, गाय विकली असती तर ती रक्कम 'जमा' मध्ये टाकायची नाही. तिथं टाकली की आजवरची जमा एकदम फुगते आणि पुढच्या साली त्याच तारखेला आपण उगाच घाबरतो. पीककर्ज उचललं तेही जमा नाही. या दोन्हींसाठी वेगळं पान ठेवा. मोटार, पाईप, जनावर यांची खरेदी-विक्री तिकडंच.

राहिला ४० क्विंटलचा प्रश्न. तुलनेनं एवढं दाखवलं की साल गेलेलं नाही, माल पडलाय. पण माल धरून ठेवला तर भाव वाढेल असं कुठलंच सूत्र सांगत नाही. आमच्याच शीटमध्ये उलटं लिहिलेलं आहे. पहिल्या सालचे ते २२ क्विंटल जून २०२३ मध्ये पेरणीच्या तोंडावर गेले ४,८५० नं. जानेवारीत ५,३०० होता. क्विंटलमागं ४५०, एकूण ९,९०० कमी. दादाकडं हा आकडा होता आणि त्यानं तो टाकला. त्यामुळं 'सगळं ठेवू' हे माझ्याही तोंडून निघालं नाही.

मग गरजेवरून मागं मोजत आलो. सोसायटीचे १,४०,०००. ते वेळेत भरले तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही, तारीख चुकली की ही सवलत जाते. शिवाय पुतणीच्या होस्टेलचे २२,०००. मिळून १,६२,०००. तूर कापून खळ्यावर गंजी घातलीय, दोन-चार दिवसांत मळणी. अंदाज ९ क्विंटल. ७,२०० धरला तर ६४,८००. हरभरा धरला नाही, तो अजून रानात आहे, वाऱ्या-पावसाचा काही नेम नाही. राहिले ९७,२००. ४,१५० नं भागलं की साडेतेवीस क्विंटल. हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं धरून २५.

म्हणजे २५ क्विंटल आत्ता, १५ ठेवायचं. दादाला सगळं काढायचं होतं, अण्णांना काहीच काढायचं नव्हतं, आकडा मधे कुठंतरी आला. १५ क्विंटलचा मेसेज मुदतीत आला तर हमीभाव केंद्रावर, ११,१३० जास्त मिळतील. नाही आला तर बाजार समितीच्या गोदामात शेतमाल तारण. किमतीच्या ७५ टक्के उचल मिळते, ६ टक्के व्याज, मुदत ६ महिने. १५ क्विंटलवर साधारण ४६,७०० उचल, सहा महिन्यांचं व्याज १,४००. क्विंटलला ९३ पडतात. म्हणजे भाव ४,२४३ आणि वर नेण्या-आणण्याचा खर्च, याच्या पुढं गेला तरच ठेवल्याचा फायदा. हा आकडा मी तुलनेच्या पानावर लाल अक्षरात लिहून ठेवलाय, म्हणजे मे महिन्यात कुणी 'अजून थोडं थांबू' म्हणालं तर समोर धरता येईल.

उद्या सोमवार. टेम्पो सांगितलाय, सकाळी सातला कट्टे भरायचेत. जमा झाली की त्याच तारखेला ओळ टाकीन आणि २५ फेब्रुवारीला सी२ बदलून पुन्हा तिन्ही सालं बघू. अण्णांना मात्र हे सगळं मोबाईलवर दिसत नाही, त्यांनी तुलनेचं पान कागदावर काढून मागितलंय, अक्षरं मोठी करून. ते वहीत मागच्या पानाला चिकटवणार आहेत.

कुणाला कोरी शीट हवी असेल तर मेसेज करा, लिंक पाठवतो. तारखेची सेटिंग आधी बघा.